आधी वजन, मग दर: पॅकिंगचे नवे नियम आणि पर्चेसचं टेबल

परदेशातल्या एका ग्राहकाची एक्सेल शीट आली. ओळी फक्त चाळीस, रकाने अठ्ठावीस. आतल्या पिशवीचं वजन किती ग्रॅम, पिशवी कोणत्या प्लॅस्टिकची, खोक्यात रिसायकल केलेला कागद किती टक्के, टेप कागदाची की प्लॅस्टिकची, खोकी रचायचं पॅलेट किती फेऱ्या करतं. मुदत दहा दिवस. मी पर्चेसला बावीस वर्षं आहे. त्या चाळीस पार्टांच्या पॅकिंगचा दर मला मध्यरात्री उठवून विचारला असता तरी सांगितला असता. वजन मात्र एकाचंही माहीत नव्हतं.

मग तीन दिवस स्टोअरमध्ये मुक्काम. वॉशर मोजायचा काटा घेतला, प्रत्येक पार्टचं एकेक सीलबंद खोकं फोडलं आणि टेपच्या पट्टीपासून सिलिका जेलच्या पुडीपर्यंत सगळं सुटं करून जोखलं. स्टोअरचे काका आधी हसले. "मॅडम, आता कचरासुद्धा जोखायचा का?" दुसऱ्या दिवशी तेच म्हणाले, "ही पिशवी हलकी लागतेय हाताला."

होतीच हलकी. ३० बाय ४० सेंटिमीटरची एलडीपीईची, म्हणजे मऊ पॉलिथिनची पिशवी; पीओवर, म्हणजे आमच्या खरेदीच्या ऑर्डरवर, जाडी ४० मायक्रॉन. दोन्ही बाजू धरून २४०० चौरस सेंटिमीटर फिल्म, जाडी ०.००४ सेंटिमीटर, घनता साधारण ०.९२. गुणाकार केला की ८.८ ग्रॅम येतात. काट्यावर आले ७.३. उलटा हिशोब केला तर जाडी ३३ मायक्रॉन. म्हणजे कित्येक वर्षं आम्ही ४० चे पैसे मोजून ३३ घेत होतो. व्हेंडर म्हणाला, "टॉलरन्स असतो मॅडम." असतो, पण तो कायम एकाच बाजूला कसा असतो, हे त्याला सांगता आलं नाही.

पॅकेजिंगच्या नव्या नियमांवर बोलताना लोक एकदम पृथ्वी, समुद्र, कासवं इथे जातात. जावं, माझी ना नाही. पण खरेदी करणाऱ्याच्या टेबलावर हे नियम येतात ते ग्रॅम, टक्के आणि सही-शिक्क्याच्या कागदांच्या रूपात. आजवर पॅकिंग हा आमच्याकडे फुटकळ खर्च होता, स्टेशनरीच्या शेजारचा. आता त्याला मुख्य मालासारखंच वागवावं लागतं. ते कसं करायचं, एवढंच इथे सांगते.

काटा आधी, मीटिंग नंतर

व्हेंडरच्या कॅटलॉगातलं वजन शीटमध्ये भरू नका. स्वतः जोखा. पिशव्या दहा-दहा एकत्र घ्या आणि दहाने भागा, एकेकीचं वजन साध्या काट्यावर भरवशाचं येत नाही. खोकी बांधून ठेवणारी स्ट्रेच फिल्म तर पॅलेटवरून सोडवून जोखूच नका, निम्मी फाटून हातात येते. रोल आधी जोखा, दहा पॅलेट गुंडाळून झाली की पुन्हा जोखा. फरक भागिले दहा. आमच्याकडे हे केलं तेव्हा कळलं की एका शिफ्टची पोरं दुसऱ्या शिफ्टच्या जवळजवळ दीडपट फिल्म गुंडाळतात. कुणी सांगितलंच नव्हतं किती वेढे घ्यायचे.

नोंद करताना एका खोक्याची एक ओळ करू नका. खोकं, टेप, लेबल, आतली पिशवी, सेपरेटर, पुडी, प्रत्येकाची ओळ वेगळी. प्रत्येकापुढे पदार्थ, रंग, वजन, व्हेंडर आणि जोखल्याची तारीख. 'प्लॅस्टिक' असं नुसतं लिहिलेलं कुठेही चालत नाही; एलडीपीई, पीपी, पीईटी, पीव्हीसी असं नाव हवं. दोन पदार्थ चिकटवलेले असतील, म्हणजे कागदावर प्लॅस्टिकचा थर किंवा फिल्ममध्ये ॲल्युमिनियम, तर ते ठळक लिहा. पुढे सगळ्यात जास्त डोकेदुखी तिथूनच येते, कारण हाताने सुटे न होणारे थर रिसायकलवाल्यालाही सहज सुटे करता येत नाहीत.

रंगाचा रकाना कशाला, असं आमच्या क्यूएने, म्हणजे दर्जा तपासणाऱ्या खात्याने, विचारलं होतं. काळ्या ट्रेंसाठी. प्लॅस्टिक वेगळं करणाऱ्या कारखान्यांत इन्फ्रारेड किरण टाकून पदार्थ ओळखतात. नेहमीचा काळा रंग काजळीचा असतो आणि ती काजळी किरण गिळून टाकते. ट्रे उत्तम पीपीचा असला तरी मशिनला तो दिसतच नाही, आणि जातो कचऱ्यात. आमचे ट्रे काळे का होते? पहिल्या व्हेंडरकडे त्या दिवशी काळा दाणा, म्हणजे प्लॅस्टिकचा कच्चा माल, शिल्लक होता म्हणून. त्यानंतर पंधरा वर्षं कुणी प्रश्न विचारला नाही.

कायद्याच्या लेखी आपण कोण?

'नियम पॅकिंग बनवणाऱ्याला, आपण तर गिऱ्हाईक' हा गैरसमज मीही बरीच वर्षं बाळगला. जबाबदारी कुणाची हे प्रत्येक कायदा आपल्या पद्धतीने ठरवतो आणि खरेदी करणारा त्यात हमखास कुठेतरी सापडतो.

भारतात २०१६ चे प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन नियम आहेत, आणि १६ फेब्रुवारी २०२२ ला त्यात विस्तारित उत्पादक जबाबदारीच्या, म्हणजे सगळे ज्याला नुसतं ईपीआर म्हणतात त्याच्या, मार्गदर्शक सूचना आल्या. पॅकिंग बाजारात आणणाऱ्यानेच त्याच्या कचऱ्याचीही जबाबदारी घ्यायची, असा त्याचा अर्थ. तिथे उत्पादक, आयातदार आणि ब्रँडमालक अशा तिघांवर जबाबदारी आहे आणि नोंदणी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर होते. यातला 'आयातदार' शब्द नीट वाचा. रिकाम्या पिशव्या आयात करणाराच आयातदार, असं नाही. तुम्ही बाहेरून बेअरिंग मागवलं आणि ते प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आलं, तर ते प्लॅस्टिकसुद्धा तुमच्या खात्यावर. आमच्या इम्पोर्टच्या फायलीत बेअरिंगची इत्थंभूत माहिती होती. वेष्टणाबद्दल एक ओळ नव्हती.

युरोपियन महासंघात जुनं ९४/६२ निर्देशपत्र जाऊन आता २०२५/४० हा नियम आला आहे. तो ११ फेब्रुवारी २०२५ ला अमलात आला आणि त्यातल्या बहुतेक तरतुदी १२ ऑगस्ट २०२६ पासून लागू होतात. निर्देशपत्र असलं की प्रत्येक देश आपापला कायदा करतो. नियम सगळ्या सदस्य देशांना थेट लागू होतो. तिथे स्वतःच्या नावाने किंवा ट्रेडमार्कने पॅकिंग बनवून घेणाराही उत्पादक धरला जातो. म्हणजे खोकं बनवलं दुसऱ्याने, पण त्यावर छापलं तुमचं नाव, तर अनुरूपतेचं, म्हणजे पॅकिंग नियमात बसतं असं, घोषणापत्र आणि तांत्रिक कागदपत्रं तयार ठेवण्याचं काम तुमच्याकडे येऊ शकतं. एकदा वापरायच्या पॅकिंगचे हे कागद ५ वर्षं सांभाळायचे, पुन्हा वापरायच्या पॅकिंगचे १० वर्षं.

ब्रिटनचा रस्ता तिसराच, कराचा. १ एप्रिल २०२२ पासून तिथे ३० टक्क्यांपेक्षा कमी रिसायकल्ड प्लॅस्टिक असलेल्या प्लॅस्टिक पॅकिंगवर कर आहे, आणि बारा महिन्यांत १० टन किंवा जास्त प्लॅस्टिक पॅकिंग बनवणाऱ्याला किंवा आयात करणाऱ्याला नोंदणी करावी लागते. पुरवठादाराने कर बुडवला आणि खरेदी करणाऱ्याला ते माहीत होतं किंवा माहीत असायला हवं होतं, तर वसुली खरेदी करणाऱ्यापर्यंत येऊ शकते. 'माहीत असायला हवं होतं' हे शब्द वाचल्यापासून मी व्हेंडरच्या प्रत्येक दाव्याचा कागद फायलीला लावते.

आणखी एक, जर्मनीत माल विकणाऱ्यांसाठी. तिथल्या 'लुसिड' या नोंदवहीत १ जुलै २०२२ पासून वाहतुकीच्या पॅकिंगसकट सगळं पॅकिंग बाजारात आणणाऱ्यांची नोंदणी लागते. 'आम्ही कंपन्यांनाच विकतो, किरकोळ ग्राहकांना नाही' ही सबब तिथे चालत नाही.

तेव्हा एक तक्ता करा: माल कुठून येतो, कुठे जातो, कुणाच्या नावाने जातो. प्रत्येक मार्गावर आपली भूमिका कोणती, ते लिहा. एकाच महिन्यात एकच कंपनी एका देशात आयातदार, दुसऱ्यात ब्रँडमालक आणि तिसऱ्यात नुसती पुरवठादार असू शकते. आमचं तसंच निघालं.

कोणती तारीख कशासाठी

युरोपचा नियम लांबलचक आहे. खरेदीवाल्याने त्यातल्या थोड्याच गोष्टी भिंतीवर लावाव्यात.

१२ ऑगस्ट २०२६ पासून अन्नाला लागणाऱ्या पॅकिंगमध्ये पीएफएएस रसायनांवर मर्यादा येते. तेल आणि पाणी झिरपू न देणाऱ्या कागदांत ही रसायनं सापडतात. शिसं, कॅडमियम, पारा आणि सहा संयुजेचं क्रोमियम यांची बेरीज किलोला १०० मिलिग्रॅमच्या आत, ही अट जुनीच आहे, पण छपाईच्या शाईचा कागद मागताना अजूनही लोक ती विसरतात.

२०३० साल मोठं. तेव्हापासून पॅकिंग रिसायकल होण्याजोगं असायला हवं आणि त्याला अ, ब, क अशा श्रेणी मिळतील. रिसायकल होण्याची क्षमता ७० टक्क्यांच्या खाली गेली तर बाजार बंद. २०३८ पासून क श्रेणीही बाद. प्लॅस्टिकमध्ये रिसायकल्ड मालाचं किमान प्रमाणही २०३० पासून: अन्नासारख्या संवेदनशील मालाला लागणाऱ्या पीईटीत ३० टक्के, तशाच वापराच्या इतर प्लॅस्टिकमध्ये १०, पेयांच्या बाटल्यांत ३० आणि उरलेल्या सगळ्या प्लॅस्टिक पॅकिंगमध्ये ३५. आमच्यासारख्या सुटे भाग बनवणाऱ्यांच्या पिशव्या आणि फिल्म या शेवटच्या गटात येतात. हे प्रमाण दर पिशवीला मोजायचं नसतं, त्या प्रकारच्या पॅकिंगची कारखान्याची वर्षाची सरासरी बघतात. म्हणून व्हेंडरने एका लॉटचा सुंदर रिपोर्ट दाखवला तर त्याला नमस्कार करा आणि वर्षाचा हिशोब मागा.

भारताच्या २०२२ च्या सूचनांत रिसायकल्ड मालाच्या प्रमाणाचे टप्पे वेगळे आहेत. टणक प्लॅस्टिकसाठी २०२५-२६ मध्ये ३० टक्क्यांपासून सुरू होऊन २०२८-२९ ला ६०. लवचिक प्लॅस्टिकसाठी १० वरून २०, आणि प्लॅस्टिकखेरीज दुसरा थर असलेल्या बहुथरी पॅकिंगसाठी ५ वरून १०. हे आकडे पाठ करण्यात अर्थ नाही. सरकारं वेळापत्रक हलवतात. दर तिमाहीला कुणीतरी मूळ अधिसूचना उघडून बघायची, हे नाव घालून ठरवून टाका. आमच्याकडे ते काम सगळ्यांचं होतं, म्हणजे कुणाचंच नव्हतं.

'रिसायकल्ड' म्हणजे नक्की काय, हे कागदावर घ्या

व्हेंडर म्हणतो, "मॅडम, ५० टक्के रिसायकल्ड आहे." मी विचारते, कशातून? पुष्कळदा उत्तर येतं, "आमच्याच मशिनची कटिंग परत दाण्यात घालतो." हे चांगलंच आहे, पण त्याला रिसायकल्ड म्हणत नाहीत. पर्यावरणविषयक दाव्यांचं जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ १४०२१, ते त्याच प्रक्रियेत निघालेलं आणि त्याच प्रक्रियेत परत जाणारं भंगार मोजूच देत नाही. युरोपचा नियम त्याही पुढे जातो: लोकांनी किंवा धंद्यांनी वापरून टाकलेल्या मालातून आलेलं प्लॅस्टिकच तिथे मोजलं जातं. कारखान्याच्या दारातून बाहेरच न पडलेलं भंगार शून्य.

म्हणून मी चार गोष्टी लेखी मागते. दाणा कुणाकडून आला. तो वापरलेल्या मालाचा की कारखान्याच्या भंगाराचा. महिन्याला किती किलो घेतला. आणि त्या महिन्यात किती किलो पिशव्या निघाल्या. शेवटच्या दोन आकड्यांचा मेळ घालायला कॅल्क्युलेटर पुरतो. एकदा दोन टन रिप्रोसेस दाणा घेऊन नऊ टन '५० टक्के रिसायकल्ड' पिशव्या पाडल्याचं निघालं. त्यात लबाडी किती आणि अडाणीपणा किती, मला आजही सांगता येणार नाही. त्याच्या ऑफिसात बिलं एका पोराकडे आणि सर्टिफिकेट दुसऱ्याकडे, दोघं एकमेकांशी बोलतच नव्हते.

'बायोडिग्रेडेबल' शब्दाला मात्र मी आता थेट नकार देते. याची गोष्ट आहे. काही वर्षांपूर्वी एका पुरवठादाराने आम्हाला तशा पिशव्या दिल्या, हिरवं पान छापलेल्या. दर किंचित जास्त, साहेब खूश. आठ महिन्यांनी स्टोअरमध्ये मागच्या रॅकवरची खोकी उघडली तर पिशव्यांचा चुरा झालेला. गंजू नये म्हणून तेल लावलेल्या पार्टांवर प्लॅस्टिकचे कण तांदळाच्या कण्यांसारखे चिकटले होते. दोन दिवस सहा माणसं ब्रश घेऊन ते साफ करत होती. ते प्लॅस्टिक ऑक्सो जातीचं होतं: त्यात घातलेल्या क्षारांमुळे ते ऊन, उष्णता आणि हवेने तुटतं, पण तुटून उरतं प्लॅस्टिकच. युरोपात ३ जुलै २०२१ पासून अशा प्लॅस्टिकच्या वस्तू बाजारात आणायला बंदी आहे. कंपोस्ट होणारं प्लॅस्टिक वेगळं; त्याची ईएन १३४३२ सारखी मानकं आहेत, पण ती औद्योगिक कंपोस्टच्या उष्णतेत आणि ओलाव्यात काय होतं ते बघतात. कुणाच्या परसातल्या ढिगाची हमी त्यात नसते. आणि सुट्या भागांच्या धंद्यात कंपोस्ट करायला ती पिशवी नेणार कोण?

पीओमध्ये तीन ओळी वाढवा

पूर्वी आमच्या पीओवर असायचं: 'पॉली बॅग, ३० x ४०, चांगल्या दर्जाची.' चांगल्या दर्जाची! आता पॅकिंगच्या प्रत्येक वस्तूला ड्रॉइंग आहे आणि ड्रॉइंगला रिव्हिजन नंबर. त्यात पदार्थ, वजन आणि त्याची कमी-जास्त मर्यादा, रंग, रिसायकल्डचं प्रमाण आणि ते कशातून, शाई आणि गोंद.

सगळ्यात उपयोगी ओळ अशी: दाणा, कागद, शाई, गोंद किंवा बनवण्याची जागा यांपैकी काहीही बदलण्याआधी लेखी कळवायचं, आणि आमची संमती येईपर्यंत जुनाच माल द्यायचा. मुख्य पार्टांसाठी ही अट आम्ही वर्षानुवर्षं लावतो. खोक्याला लावायचं कधी सुचलंच नाही. दुसरी ओळ: मागितलेली माहिती ठरल्या दिवसांत दिली नाही तर बिल थांबेल. ही वाचून व्हेंडर कुरकुरतात, पण माहिती नेमकी तेव्हाच येते. तिसरी: चुकीच्या माहितीमुळे पडलेला दंड किंवा कर कुणी भरायचा. ही ओळ वकिलाकडून लिहून घ्या, घरगुती भाषेत नको.

छोट्या व्हेंडरवर एकदम वीस पानी फॉर्म टाकू नका. आमचा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा व्हेंडर नवरा-बायको मिळून चालवतात. पहिल्यांदा फॉर्म पाठवला तर दोन आठवडे फोनच उचलला नाही. शेवटी मीच गेले, त्यांच्या कागदाच्या गिरणीची बिलं टेबलावर मांडली, तासाभरात दोघांनी मिळून भरला. पुढच्या वर्षापासून ते दोघं स्वतःच भरून पाठवतात, आणि आता त्यांच्या इतर गिऱ्हाइकांनाही तोच देतात.

दर मागतानाही पद्धत बदला. नगाचा दर आणि किलोचा दर दोन्ही मागा. बऱ्याच देशांत ईपीआरचं शुल्क पदार्थ आणि वजन बघून लागतं. रिसायकल व्हायला अवघड असलेल्या पॅकिंगला जास्त, सोप्याला कमी, अशी रचनाही येते आहे. नगाला स्वस्त पडणारी बहुथरी पिशवी हे शुल्क धरल्यावर महाग पडू शकते. तुलनेच्या तक्त्यात त्यासाठी रकाना ठेवा, आज तिथे शून्य लिहावं लागलं तरी.

रिकामी जागा मोजायला शिका

युरोपच्या नियमात एक तरतूद पॅकिंग खात्याची झोप उडवणारी आहे. वाहतुकीच्या, एकत्र बांधणीच्या आणि ऑनलाइन विक्रीच्या पॅकिंगमध्ये रिकामी जागा ५० टक्क्यांपेक्षा जास्त चालणार नाही. १ जानेवारी २०३० पासून, किंवा मोजायची पद्धत ठरवणारी अंमलबजावणीची तरतूद आल्यावर तीन वर्षांनी, यातलं जे नंतर येईल तेव्हापासून. आणि बबल, हवेच्या उशा, फोम, कागदाचे तुकडे हे सगळं रिकामी जागा म्हणूनच धरायचं.

आमचं एक खोकं ४० x ३० x ३०, म्हणजे ३६ लिटर. आत चार पार्ट, विक्रीच्या डब्यांसकट ९ लिटर. बाकी बबल. आमच्या लेखी खोकं गच्च भरलेलं, नियमाच्या लेखी ७५ टक्के रिकामं. कारण शोधलं तर पूर्वी त्या खोक्यात आठ पार्ट जायचे. ग्राहकाने चाराचा लॉट मागितला आणि आम्ही खोकं तेच ठेवून बबल वाढवला. ३० x २५ x २० केलं, १५ लिटर, रिकामी जागा ४० टक्के. पॅलेटवर दुपटीहून जास्त खोकी बसली. वाहतुकीत वाचलं ते वेगळंच. नियम नसता तरी हे करायला हवं होतं, हे कबूल करते.

हलकं करा, पण चाचणी केल्याशिवाय नको

वजन कळलं की ते कमी करायची खुमखुमी येते. मलाही आली. पाच प्लायच्या, म्हणजे पाच थरांच्या, खोक्याचा जीएसएम (कागदाचं दर चौरस मीटरचं वजन) उतरवला, रिसायकल्ड कागद वाढवला, नमुना खोकं ऑफिसात ठेवून त्यावर उभी राहिले, फोटो काढला. समुद्रमार्गे गेलेल्या पहिल्याच कंटेनरमध्ये खालचे दोन थर बसले.

कागदाचा धागा प्रत्येक रिसायकलला आखूड होतो आणि त्याची पकड कमी होते, हा एक भाग. दुसरा भाग हवेचा. पुठ्ठा दमटपणा पितो, आणि ९० टक्के आर्द्रतेत खोक्याची दाब सोसायची ताकद सुमारे निम्मीच उरते. कंटेनरमध्ये रात्री छतावर पाणी धरतं आणि खाली टपकतं. त्यात आमची खोकी पॅलेटच्या कडेबाहेर दोन बोटं आलेली. खोक्याचा भार मुख्यतः त्याचे कोपरे पेलतात. कोपरेच हवेत लटकले तर जीएसएम काय करणार? माल फुटून परत आला, पुन्हा पॅक केला, पुन्हा पाठवला. वाचवलेल्या पुठ्ठ्याच्या कितीतरी पट पुठ्ठा त्यात गेला.

आता क्रम ठरलेला आहे. आधी प्रयोगशाळेत खोक्याच्या दाबाची चाचणी, कोरड्या नव्हे तर दमट हवेत ठेवलेल्या खोक्यावर. मग आदळण्याची चाचणी, भरलेल्या मालासकट. मग एकाच मार्गावर थोडी खोकी, आणि पोचल्यावर ग्राहकाच्या गोदामातले फोटो. सगळ्यात लांबचा आणि वाईट मार्ग निवडायचा. यात तीन-चार महिने सहज जातात, म्हणून २०३० ची तारीख लांब वाटली तरी ती तशी लांब नाही. आमची पिशव्यांची यादीच साठच्या वर आहे.

एका पदार्थावरून दुसऱ्यावर उडी मारतानाही दमाने घ्या. प्लॅस्टिकचं पॅलेट सोडून लाकडी घेतलं तर परदेशी जाणाऱ्या लाकडाला आयएसपीएम १५ लागू होतं: लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर सलग ३० मिनिटं तापवलेलं हवं आणि त्यावर गव्हाच्या कणसाचा शिक्का हवा. शिक्का अर्धवट उमटलेला असला तरी बंदरात माल अडू शकतो. इनवर्डला, म्हणजे आवक नोंदवायला, येणाऱ्या प्रत्येक पॅलेटचा शिक्का बोटाने दाखवायला लावते मी.

परत येणारे क्रेट

पुन्हा वापरायच्या पॅकिंगकडे कायदा ढकलतोच आहे. युरोपात २०३० पासून वाहतुकीच्या पॅकिंगचा किमान ४० टक्के भाग पुन्हा वापरायच्या व्यवस्थेतला असायला हवा. पुठ्ठ्याच्या खोक्यांना त्यातून सूट आहे. एकाच कंपनीच्या तिथल्या कारखान्यांमधल्या ने-आणीला अट त्याहून कडक आहे.

हिशोब क्रेटच्या किमतीवरून सुरू करू नका. किती क्रेट परत येत नाहीत, तिथून करा. फेरीमागे २० त १ हरवला तर एक क्रेट सरासरी २० फेऱ्या करतो. १० त १ हरवला तर १०. दहा फेऱ्यांत जड क्रेटची किंमत बहुतेक वसूल होत नाही. मग बघा: रिकामा क्रेट घडी होऊन किती चपटा होतो, परतीचा ट्रक तसाही रिकामाच येतो का, धुणार कोण, आणि अनामत कुणाच्या वहीत. आमचे पहिले क्रेट एका ग्राहकाच्या कॅन्टीनमध्ये भाज्या ठेवायला वापरले जात होते. अनामत लावल्यावर पुढच्याच आठवड्यात सगळे परत आले, दोन-तीनांना कोथिंबिरीचा वास होता.

जवळचे आणि नेहमीचे मार्ग आधी घ्या. वर्षातून दोनदा माल जातो तिथे पुठ्ठाच बरा.

त्या शीटचं सांगायचं राहिलं. दहा दिवसांत आम्ही एकतीस ओळी भरल्या. उरलेल्या नवांपुढे 'व्हेंडरकडून माहिती आलेली नाही, अमुक तारखेला देऊ' असं लिहिलं आणि त्या तारखेला दिली. अंदाजाने एकही रकाना भरला नाही. ग्राहकाच्या माणसाने नंतर फोनवर सांगितलं की बाकीच्या पुरवठादारांनी सगळे चाळीस भरले होते आणि कित्येकांच्या खोक्याचं वजन आतल्या पार्टपेक्षा जास्त निघालं होतं. परवा पिशवीवाल्या व्हेंडरचा फोन आला. "मॅडम, दाणा बदलतोय, आधी विचारतोय." नमुना पाठवा म्हटलं. काकांनी दहा पिशव्या काट्यावर टाकल्या आणि मला आकडा सांगायच्या आधी स्वतःच भागाकार केला. ८.७.